शिडीवरची माणसे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी संतवाङ्मय, नाट्यसंगीत अथवा थोरांची चरित्रे यांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. त्या मालिकेत बेसबॉल हा विषय काहीसा आगंतुक वाटेल याची मला जाणीव आहे. क्रिकेटवर आपले प्रेम आहे. कबड्डी आणि खो-खो तर आपल्या मातीतलेच खेळ. बेसबॉलशी मात्र आपली ओळख इंग्रजी चित्रपटांपुरती. परंतु या खेळाच्या निमित्ताने मला एक व्यापक प्रश्न आपणांपुढे मांडावयाचा आहे. ज्या तरुणाच्या ठायी गुण असावेत असे वाटते, पण ज्याच्याविषयी खात्री कोणीच देऊ शकत नाही, त्याला किती काळ आणि कोणत्या अटींवर सांभाळावे? गाणे शिकणारी मुलगी, स्पर्धापरीक्षांना बसणारा मुलगा, रणजी संघाच्या उंबरठ्यावर ताटकळणारा खेळाडू यांच्या घरोघरी हा प्रश्न विचारला जातो. अमेरिकेतील बेसबॉलने शंभर वर्षांच्या अवधीत त्याला एक संस्थात्मक उत्तर दिले. त्या उत्तराचे नाव ‘मायनर लीग’, अर्थात कनिष्ठ साखळी.

भारतातील सामान्य वाचकाच्या कानावर हे नाव प्रथम आले ते बहुधा २००८ च्या सुमारास. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुण एका चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबाने त्यांच्याशी करार केला. ‘अमेरिकेत भारतीय बेसबॉलपटू’ असे मथळे वृत्तपत्रांत झळकले. २०१४ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही निघाला. मथळ्यांत एक गोष्ट मात्र फारशी सांगितली गेली नाही. हे दोघे २००९ मध्ये ज्या ठिकाणी खेळू लागले, ती शिडीची अगदी खालची पायरी होती. वरच्या पायऱ्यांवर त्यांना पोचता आले नाही. यात त्यांचा कमीपणा काहीच नाही. लहानपणापासून हाच खेळ खेळलेले असंख्य अमेरिकन तरुणही तेथवर पोचत नाहीत.

ही शिडी कशी आहे ते प्रथम पाहू. सर्वोच्च पातळीला ‘मेजर लीग’ म्हणतात. तीत ३० क्लब आहेत. २९ अमेरिकेतील आणि एक कॅनडातील टोरोंटोचा. या प्रत्येक क्लबाच्या हाताखाली लहानलहान शहरांतून खेळणारे कनिष्ठ संघ असतात. नवशिक्यांची पायरी सर्वांत खाली. मग ‘ए’ वर्गाच्या पायऱ्या. त्यांच्यावर ‘डबल ए’. आणि मेजर लीगच्या दाराशी ‘ट्रिपल ए’. या रचनेला ‘फार्म’, म्हणजे शेत, असे नाव पडले. तिचा प्रमुख शिल्पकार ब्रँच रिकी. १९२० च्या दशकात तो सेंट लुईसच्या कार्डिनल्स क्लबाचा कारभार पाहत असे. धनाढ्य क्लब तयार खेळाडू पैसे टाकून विकत घेत. रिकीपाशी तेवढा पैसा नव्हता. तेव्हा त्याने खालचे क्लबच ताब्यात घेऊन खेळाडूंचे पीक स्वतः काढावयाचे ठरविले. बी पुष्कळ पेरावे, उगवेल ते राखावे, असा हा शेतकऱ्याचा हिशेब. याच रिकीने पुढे ब्रुकलिनच्या क्लबात असताना १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूशी करार करून वर्णभेदाची भिंत फोडली. रॉबिन्सनलाही त्याने १९४६ चा हंगाम माँट्रिऑलच्या कनिष्ठ संघात खेळविले आणि मगच १९४७ मध्ये वर आणले.

शिडीवर पाय ठेवण्याची रीतही ठरलेली आहे. १९६५ पासून दरवर्षी सर्व क्लब एकत्र येऊन, पाळीपाळीने, फेरीमागून फेरी, शाळा-महाविद्यालयांतील खेळाडूंची निवड करतात. त्या पहिल्या वर्षी सर्वांत प्रथम पुकारले गेलेले नाव ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या रिक मंडे या विद्यार्थ्याचे होते. ज्या क्लबाने नाव पुकारले त्याच क्लबाशी खेळाडूने बोलणी करावयाची. दुसरा क्लब निवडण्याची त्याला मुभा नाही. चार वर्षांच्या महाविद्यालयात जो दाखल झाला, त्याला सामान्यतः तिसरे वर्ष पुरे होईपर्यंत अथवा वयाची एकवीस वर्षे होईपर्यंत निवडता येत नाही. म्हणजे महाविद्यालय ही शिडीच्या अलीकडची एक ओसरी झाली. तेथे धातूच्या बॅटने खेळतात, व्यावसायिक सामन्यांत मात्र लाकडी बॅट लागते. धातूच्या बॅटने दूर जाणारे चेंडू लाकडी बॅटवर येऊन हातातच झिणझिण्या आणतात, आणि महाविद्यालयातला पराक्रमी फलंदाज पहिल्याच हंगामात जमिनीवर येतो. ‘डबल ए’ ही मधली पायरी किती कठीण आहे याचे उदाहरण म्हणून मायकेल जॉर्डनकडे पाहावे. बास्केटबॉलचा हा सम्राट १९९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या ‘डबल ए’ संघाकडून संपूर्ण हंगाम खेळला. त्याची फलंदाजीची सरासरी.२०२ भरली. हजार संधींत दोनशेदोन यशस्वी फटके, असा त्याचा अर्थ. हा आकडा टिकून राहण्यास पुरेसा नव्हे.

आता या शिडीवरून वर गेलेल्या एका तरुणाची हकीकत सांगतो. त्याचे नाव जेकब डिग्रॉम. जन्म १९ जून १९८८, फ्लॉरिडा राज्यातील डीलँड या गावी. शाळा संपली तेव्हा कोणत्याही क्लबाने त्याचे नाव पुकारले नाही. तो गावातल्याच स्टेट्सन विद्यापीठात गेला. तेथे तो शॉर्टस्टॉप होता. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या दरम्यान उभा राहून वेगाने येणारे चेंडू अडविणारा क्षेत्ररक्षक. क्षेत्ररक्षण उत्तम, फलंदाजी बेताची. मात्र तेथून पहिल्या तळाकडे तो जी फेक करी ती विलक्षण जोरदार असे. तिसऱ्या वर्षी त्याला पिचर म्हणून उभे करण्यात आले. क्रिकेटच्या भाषेत बोलावयाचे तर कव्हरला उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या हाती नवा चेंडू दिला गेला.

त्याच हंगामात स्टेट्सनची गाठ फ्लॉरिडा गल्फ कोस्ट विद्यापीठाशी पडली. समोर ख्रिस सेल नावाचा उंच, डावखुरा पिचर होता. या सेलच्या चेंडूवर डिग्रॉमने होमरन मारला. पुढे काय झाले पहा. २०१० च्या जूनमधील निवडीत ५० फेऱ्या झाल्या आणि दीड हजारांहून अधिक नावे पुकारली गेली. सेलचे नाव तेरावे आले आणि ऑगस्टमध्ये तो मेजर लीगमध्ये खेळतही होता. डिग्रॉमचे नाव नवव्या फेरीत आले, २७२ व्या क्रमांकावर. न्यूयॉर्क मेट्स या क्लबाने त्याला घेतले आणि टेनेसी राज्यातील किंग्जपोर्ट येथे, नवशिक्यांच्या पायरीवर पाठविले. तेथे सहा सामने होतात न होतात तोच त्याच्या उजव्या कोपराने दगा दिला.

पिचरचे कोपर हा या खेळातला मर्मभाग आहे. पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो तेथून फलंदाजापर्यंतचे अंतर साठ फूट सहा इंच. तेवढ्या अंतरात ताशी ९५ मैलांचा चेंडू फेकताना कोपराच्या आतील बाजूस असलेल्या अस्थिबंधावर विलक्षण ताण पडतो, आणि तो तुटला की एके काळी पिचरचे आयुष्य संपत असे. १९७४ मध्ये लॉस एंजल्सच्या डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या मनगटाजवळची एक कंडरा काढून ती तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसविली. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये डिग्रॉमवर तीच झाली. २०११ चा संपूर्ण हंगाम त्याला बाहेर बसावे लागले.

माझ्या दृष्टीने डिग्रॉमच्या आयुष्यातील हे वर्ष त्याच्या पुढील पराक्रमांइतकेच मोलाचे आहे. तेवीस वर्षांचा हा मुलगा. पिचर होऊन जेमतेम दीड वर्ष झालेले, नावावर सांगण्यासारखे काही नाही, हात बांधलेला. त्या वेळी मेट्सच्या फ्लॉरिडातील प्रशिक्षणकेंद्रात योहान सांताना हाही दुखापतीतून उठत होता. सांताना म्हणजे दोन वेळा ‘साय यंग’ हा पिचरांसाठीचा सर्वोच्च पुरस्कार मिळविलेला मोठा खेळाडू. त्याच्याकडून डिग्रॉम ‘चेंजअप’ शिकला. हात तसाच फिरतो, फलंदाजाला वेगवान चेंडू येत आहे असे वाटते, आणि चेंडू मात्र हळू येतो. आपल्या गोलंदाजांच्या ‘स्लोअर वन’चा हा सख्खा भाऊ. ज्याने आयुष्यभर फेकीच्या जोरावर भिस्त ठेवली, त्याला जोर आवरण्याची विद्या आजारपणात मिळाली. ती मिळू शकली याचे कारण त्या मुलाचा गुण हे तर आहेच. पण शस्त्रक्रियेनंतर त्याला केंद्रात ठेवून घेणारी, एक वर्ष थांबणारी संस्था त्याच्या पाठीशी होती, हेही आहे.

२०१२ मध्ये तो जॉर्जियातील सॅव्हाना आणि मग फ्लॉरिडातील सेंट ल्यूसी या ‘ए’ वर्गाच्या संघांकडून खेळला. वय चोवीस, त्या पायरीवरचे पुष्कळ खेळाडू त्याच्याहून लहान. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन ही ‘डबल ए’ची पायरी, आणि त्याच वर्षी लास वेगास येथील ‘ट्रिपल ए’ संघ. आकडे डोळ्यांत भरतील असे नव्हते. २०१४ च्या मे महिन्यात मेट्सने दोन पिचर एकदम वर बोलाविले. त्यांपैकी राफाएल माँटेरो याच्याविषयी जाणकारांना अधिक आशा होती. तो १४ मे रोजी खेळला. डिग्रॉमला राखीव म्हणून बोलाविले होते. पण संघातील एक पिचर जायबंदी झाला आणि १५ मे रोजी यांकीज या शहरबंधू क्लबाविरुद्ध डिग्रॉमला सामन्याच्या प्रारंभीच उभे राहावे लागले. त्याने सात डावांत एकच धाव दिली. त्याच्या संघाला एकही धाव काढता आली नाही, सबब सामना १-० असा गेला. त्या काळी त्या साखळीत पिचरांनाही फलंदाजी करावी लागे, आणि मेट्सच्या पिचरांनी त्या हंगामात ६४ प्रयत्नांत एकही यशस्वी फटका मारलेला नव्हता. तो दुष्काळही या जुन्या शॉर्टस्टॉपनेच त्या रात्री संपविला.

त्यापुढील कथा सुपरिचित आहे म्हणून आवरती घेतो. २०१४ चा उत्कृष्ट नवोदित खेळाडू तो ठरला. २०१८ मध्ये नऊ डावांच्या एका पूर्ण सामन्यामागे त्याने सरासरी अवघ्या १.७० धावा दिल्या आणि साय यंग पुरस्कार मिळविला. त्या हंगामात त्याच्या नावावर १० विजय आणि ९ पराभव होते. कारण त्याचेच फलंदाज त्याला साथ देत नसत. २०१९ मध्ये पुन्हा तोच पुरस्कार. २०२२ च्या डिसेंबरमध्ये टेक्सास रेंजर्स या क्लबाने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. रक्कम साडेअठरा कोटी डॉलर. हा आकडा, श्रोतेहो, कृपया ध्यानात ठेवा. मला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

एवढ्यावर थांबलो तर हे व्याख्यान ‘प्रयत्नांती परमेश्वर’ या सुभाषिताचे एक उदाहरण होऊन जाईल. आणि तसे उदाहरण खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. म्हणून आता दुसऱ्या एका महाविद्यालयीन पिचरची हकीकत सांगतो.

गॅरेट ब्रोशुइस हा मिसुरी विद्यापीठाचा पिचर. २००४ च्या निवडीत सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या क्लबाने त्याला पाचव्या फेरीत घेतले. म्हणजे डिग्रॉमहून चार फेऱ्या आधी. जाणकारांच्या तराजूत त्याचे पारडे जड होते असेच म्हणावयास हवे. तो सहा हंगाम कनिष्ठ साखळीत खेळला. मेजर लीगमध्ये त्याला एकदाही चेंडू टाकता आला नाही. खेळ सोडल्यावर त्याने सेंट लुईस विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. आणि ज्या २०१४ साली डिग्रॉमने मेजर लीगमध्ये पाऊल टाकले, त्याच वर्षाच्या प्रारंभी ब्रोशुइस वकील या नात्याने मेजर लीगच्या विरोधात सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात उभा राहिला. फिर्यादी होते कनिष्ठ साखळीतील माजी खेळाडू. मागणी साधी होती: देशातील प्रत्येक मजुराला जे किमान वेतन मिळते, ते आम्हांलाही मिळावे.

ही मागणी करण्याची पाळी का यावी? कनिष्ठ खेळाडूला त्या काळी पहिल्या वर्षी महिन्याला अकराशे डॉलर मिळत, आणि तेही हंगामाच्या सुमारे पाच महिन्यांपुरतेच. हंगामापूर्वीच्या वसंतऋतूतील सरावाचे वेतन नाही. हिवाळ्यात शरीर कमावण्याची अपेक्षा, पण वेतन नाही. रात्र रात्र बसमध्ये काढावयाची. दुसऱ्या गावी पोचून त्याच संध्याकाळी खेळावयाचे. एकेका खोलीत चौघेपाच जण राहत. कित्येकांना त्या गावातील एखादे कनवाळू कुटुंब आसरा देई. हिवाळ्यात कोणी गोदामात काम करी, कोणी लहान मुलांना खेळ शिकवी. करार मात्र सात हंगामांचा. तोवर दुसऱ्या क्लबाकडे जाण्याची मोकळीक नाही. ज्याच्या निवडीच्या वेळी मोठी रक्कम हाती पडली, त्याचे निभावत असे. खालच्या फेऱ्यांतील मुलाला घरच्यांकडे हात पसरावा लागे. म्हणजे ज्याचे घर खाऊनपिऊन सुखी, तो अधिक काळ शिडीवर टिकणार. गुणांच्या कसोटीत गरिबीची कसोटी अशी नकळत मिसळली जात होती.

क्लबांचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. ते म्हणत, ही नोकरी नव्हे. ही उमेदवारी आहे. कनिष्ठ संघ स्वतःच्या बळावर नफा मिळवून देत नाहीत. खेळाडू येथे शिकावयास येतो आणि त्याला मिळणारे शिक्षण हाच त्याचा मोबदला. आपणां भारतीयांना हा युक्तिवाद अपरिचित नाही. गुरूच्या घरी पाणी भरून विद्या मिळविण्याची परंपरा आपण गौरवाने सांगतो. तेव्हा या युक्तिवादाला उत्तर काय?

माझे उत्तर असे आहे. डिग्रॉम लास वेगासला, बिंगहॅम्टनला, सॅव्हानाला शिकला हे खरे. पण तो शिकला कोणाच्या विरुद्ध चेंडू टाकून? चेंजअप हा चेंडू एकांतात भिंतीवर फेकून साध्य होत नाही. समोर खराखुरा फलंदाज हवा, जो फसेल, आणि चेंडू बिघडला तर तो सीमेबाहेर भिरकावून देईल. असे शेकडो फलंदाज त्या तीन हंगामांत त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. त्याच्या मागे क्षेत्ररक्षक उभे होते. त्याचे चेंडू झेलणारे कॅचर गुडघे मोडून बसले होते. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत आणि बहुतेक जण मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. ते विद्यार्थी होते हे मान्य करू. पण ते त्याच वेळी डिग्रॉमची पाठशाळाही होते. एका गुणी माणसाला घडविण्यासाठी जो समुदाय लागतो, तो समुदाय म्हणजे त्यांचे श्रम होते. त्या श्रमाला वेतन नको असे म्हणावयाचे असेल तर पाठशाळा चालते कशावर?

शिवाय दुसरी गोष्ट. कोण वर जाणार हे आधी कळत असते तर क्लबांनी एवढे खेळाडू सांभाळलेच नसते. सेलला ज्यांनी तेरावा मानले त्यांनीच डिग्रॉमला २७२ वा मानले. माँटेरो पुढे जाईल असे मानणारेही त्या विषयातले पंडितच होते. १९८८ च्या निवडीत माइक पियाझा या तरुणाचे नाव बासष्टाव्या फेरीत, १३९० वे आले होते. तो २०१६ मध्ये बेसबॉलच्या मानवंदनागृहात, म्हणजे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, जाऊन बसला. अनिश्चितता हाच या व्यवहाराचा पाया असेल, तर न उगवलेल्या बियाण्याची किंमतही पिकाच्या हिशेबात धरली पाहिजे. कोणताही जाणता शेतकरी ती धरतो.

खटला आठ वर्षे चालला. मधल्या काळात, २०१८ साली, अमेरिकी संसदेने एका विस्तृत अर्थविधेयकाच्या पोटात कनिष्ठ खेळाडूंना वेतनकायद्याच्या काही संरक्षणांतून वगळणारे कलम मंजूर केले. चाळीस तासांवरील कामाचा हिशेब ठेवण्याची आवश्यकता राहिली नाही. तरीही खटला उभा राहिला. २०२२ च्या मार्चमध्ये न्यायाधीशांनी निर्णय दिला की हे खेळाडू विद्यार्थी नसून वर्षभराचे कर्मचारी होत. त्यानंतर तडजोड झाली. मेजर लीगने द्यावयाची रक्कम ठरली साडेअठरा कोटी डॉलर.

श्रोतेहो, हाच तो आकडा. २०२२ सालीच, डिसेंबरमध्ये, नवव्या फेरीतून वर आलेल्या एका माणसाशी पाच वर्षांसाठी झालेल्या कराराची रक्कम आणि वीस हजारांहून अधिक कनिष्ठ खेळाडूंच्या अनेक वर्षांच्या थकलेल्या मजुरीपोटी ठरलेली रक्कम एकच होती. वकिलांचे शुल्क आणि खर्च वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पाच ते साडेपाच हजार डॉलर येतील, असा अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला. हा निव्वळ योगायोग आहे. त्यात कोणाचे कारस्थान नाही. डिग्रॉमला मिळालेले धन त्याने लुबाडलेलेही नाही; त्याच्या हातातील कला दुर्मीळ आहे आणि ती पाहण्यासाठी लोक पैसे मोजतात. मी हे दोन आकडे शेजारी मांडतो ते एवढ्यासाठीच, की शिडीच्या माथ्याचे आणि तळाचे मोल आपण कसे करतो हे त्यांतून स्वच्छ दिसावे.

त्यानंतर बदल झपाट्याने झाले. २०२२ च्या हंगामापासून कनिष्ठ खेळाडूंच्या निवासाची जबाबदारी क्लबांवर आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पाच हजारांहून अधिक कनिष्ठ खेळाडू मेजर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले. आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. ‘ट्रिपल ए’तील किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेले, ‘डबल ए’तील १३,८०० वरून ३०,२५० वर, आणि नवशिक्यांच्या पायरीवरील ४,८०० वरून १९,८०० वर. ज्याने स्वतः एकही सामना मेजर लीगमध्ये खेळला नाही, त्या ब्रोशुइसचा या बदलात मोठा वाटा आहे. शिडी चढू न शकलेल्या माणसाने तिच्या खालच्या पायऱ्या पक्क्या केल्या.

परंतु चित्राची दुसरी बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वेतन वाढण्याच्या आधीच, २०२१ मध्ये, क्लबांनी कनिष्ठ संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. डिग्रॉम ज्या पायरीवर प्रथम उभा राहिला ती किंग्जपोर्टची साखळी त्या फेररचनेत व्यावसायिक राहिली नाही. ती उन्हाळ्यात खेळणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची झाली. निवडीच्या फेऱ्या २०१९ पर्यंत ४० होत्या. महामारीच्या २०२० साली त्या पाचच झाल्या आणि २०२१ पासून वीस ठरल्या. २०२३ च्या करारानुसार अमेरिकेतील केंद्रांत प्रत्येक क्लबाने ठेवावयाच्या कनिष्ठ खेळाडूंची कमाल मर्यादाही १८० वरून १६५ झाली. म्हणजे जे शिडीवर आहेत ते अधिक मानाने राहतात. पण शिडी आखूड झाली आहे. बासष्टाव्या फेरीतील पियाझाला आज नाव पुकारले जाण्याची संधीच नाही. २०२० मध्ये तर नवव्या फेरीतील डिग्रॉमलाही ती मिळाली नसती.

ज्यांना केवळ अर्थशास्त्र दिसते ते म्हणतील, पाहा, वेतन मागितले की जागा कमी होतात. मला हा निष्कर्ष मान्य नाही. संघांची कपात वेतनवाढीच्या दोन वर्षे आधी झाली, हे तारखाच सांगतात. आणि साडेअठरा कोटींचा एक करार जेथे परवडतो, तेथे शंभर मुलांच्या भाकरीचा प्रश्न पैशाच्या अभावाचा नसतो, तो पैसा कोठे लावावा याचा असतो. उमेदवाराला पोटभर अन्न आणि अनेक उमेदवारांना संधी, या दोहोंपैकी एकच निवडा असे कोणी सांगू लागले तर त्या सांगण्याकडे संशयाने पाहावे, एवढे या इतिहासावरून मी शिकलो.

आपल्या परिस्थितीकडे वळून दोन शब्द बोलतो आणि थांबतो. महाराष्ट्राबाहेर पन्नास वर्षे चालत आलेल्या मंडळात अनेक पिढ्यांची मुले गणेशोत्सवाच्या रंगमंचावर प्रथम उभी राहिली. त्यांतील एखादाच मोठा गायक, नट वा खेळाडू होतो आणि स्मरणिकेत त्याचे छायाचित्र छापले जाते. ते छापले जावेच. पण तो ज्यांच्याबरोबर आणि ज्यांच्यासमोर शिकला, ती तबल्यावर साथ करणारी, पडदा ओढणारी, दुय्यम भूमिका करणारी मुलेही त्याच शिक्षणाचा भाग होती. आपल्या घरातील मुलाने एखाद्या विद्येची वाट धरली, तर ‘तू वर पोचशील का?’ हा प्रश्न आपण त्याला लगेच विचारतो. त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. डिग्रॉमपाशी २०११ मध्ये नव्हते, ब्रोशुइसपाशी २००४ मध्ये नव्हते. त्याऐवजी आपण स्वतःला विचारावे, की त्याला थांबता येईल एवढी भाकरी, एवढा निवारा आणि दुखापतीच्या वर्षी एवढा धीर आपण त्याला देऊ शकतो का. आणि तो वर न पोचल्यास परतीची वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवतो का. ब्रोशुइसला ती वाट मिळाली, कारण खेळाच्या आधी तो विद्यापीठात शिकला होता. महाविद्यालयातून जाणाऱ्या मार्गाचा हा लाभ सहजासहजी डोळ्यांत भरत नाही, पण तो मोठा आहे.